फॉल्सम जेलमधली रेकॉर्ड आणि त्यातला तो आरडाओरडा

जुन्या एलपींच्या ढिगात कंट्री म्युझिक शोधायला लागलात तर अमेरिकन गायक जॉनी कॅशची 'अ‍ॅट फॉल्सम प्रिझन' ही जेलमध्ये लाइव्ह रेकॉर्ड केलेली एलपी कधी ना कधी हाताला लागतेच, कारण ती खपलीच तेवढी. पण तिच्यामागची गोष्ट १९६८ च्या बरीच आधी सुरू होते. कॅश अमेरिकन एअरफोर्समध्ये होता, पश्चिम जर्मनीत लँड्सबर्गला पोस्टिंग, तिथे त्याने फॉल्सम जेलवरचा एक सिनेमा बघितला आणि त्यावरून 'फॉल्सम प्रिझन ब्लूज' सुचलं. चाल आणि बरेचसे शब्द मात्र गॉर्डन जेंकिन्स या संगीतकाराच्या 'क्रिसेंट सिटी ब्लूज'मधून उचललेले, ज्याची भरपाई त्याला पुढे द्यावी लागली. हे सांगायलाच हवं, माणूस कितीही आवडता असला तरी.

१९५५ मध्ये मेम्फिसच्या सन रेकॉर्ड्सने गाणं काढलं आणि त्याला तुरुंगांतून पत्रं यायला लागली, आमच्याकडे येऊन गा म्हणून. १९५७ ला तो टेक्सासमधल्या हंट्सव्हिल जेलमध्ये गायला आणि मग जेलमधले कार्यक्रम होतच राहिले. तिथलं लाइव्ह रेकॉर्डिंग करायची कल्पना त्याच्या डोक्यात कधीपासून होती पण त्याची तेव्हाची रेकॉर्ड कंपनी कोलंबिया काही मनावर घेत नव्हती, त्यात नशेच्या गोळ्यांच्या व्यसनाने त्याचं करिअर पार उतरणीला लागलेलं. १९६७ मध्ये बॉब जॉन्स्टन प्रोड्युसर म्हणून आला आणि त्याने सरळ हो म्हटलं.

१३ जानेवारी १९६८, कॅलिफोर्नियातल्या फॉल्समच्या जेवणाच्या हॉलमध्ये दोन शो झाले, एक सकाळी आणि एक दुपारी. सोबत गायला जून कार्टर, कार्ल पर्किन्स, स्टॅटलर ब्रदर्स. दुसरा शो पहिल्यात काही बिघडलंच तर हाताशी असावा म्हणून, पण तोवर सगळे थकले होते, त्यामुळे एलपीवरच्या सोळा गाण्यांपैकी फक्त दोन दुसऱ्या शोमधली आहेत.

आता आरडाओरड्याबद्दल. 'फॉल्सम प्रिझन ब्लूज'मध्ये रेनो शहरात एकाला नुसतं मरताना बघायचं म्हणून गोळी घातली अशी ओळ येते आणि लगेच कैदी जोरात ओरडतात, रेकॉर्डमधली सगळ्यात अंगावर येणारी जागा. ती नंतर जोडलेली आहे! पहारेकरी समोर उभे असताना अशा ओळीवर ओरडायची कैद्यांची हिंमतच नव्हती. मला वाटतं हे कळल्यावर रेकॉर्ड कमी होत नाही, उलट खऱ्या गोष्टींकडे जास्त लक्ष जातं. अमुक कैद्याला बोलावलंय अशी मध्येच येणारी अनाउन्समेंट, किंवा प्यायच्या पाण्यावरून कॅशने घेतलेली फिरकी, हा माल स्टुडिओत बनत नाही.

रेकॉर्ड मे महिन्यात आली. जूनमध्ये रॉबर्ट केनेडीला गोळी घातली आणि गोळी घालण्याच्या त्या ओळीमुळे रेडिओ स्टेशन्सनी 'फॉल्सम प्रिझन ब्लूज' वाजवणं थांबवलं, मग कंपनीने रेनोची ती ओळ कापून त्या गाण्याची सिंगल (वेगळी छोटी रेकॉर्ड) पुन्हा काढली आणि ती कंट्री चार्टवर एक नंबरला गेली.

शेवटचं गाणं 'ग्रेस्टोन चॅपल' लिहिलंय ग्लेन शर्लीने, सशस्त्र दरोड्यासाठी फॉल्सममध्येच असलेला कैदी. एका पाद्रीने त्याची टेप आदल्या रात्री कॅशला ऐकवली, रात्रीतून गाणं बसवलं आणि दुसऱ्या दिवशी शर्ली समोरच्या रांगेत बसून आपलं गाणं ऐकत होता. १९७१ ला तो सुटला, कॅशने त्याला सोबत घेतलं, १९७२ मध्ये दोघं तुरुंग सुधारणेवर सिनेटच्या समितीपुढे बोलले. पण बाहेरचं आयुष्य त्याला जमलं नाही, १९७८ मध्ये त्याने आत्महत्या केली.

सेकंड हँड घेणार असाल तर लेबल बघा. लाल लेबलवर खाली '३६० साउंड' लिहिलेलं असेल तर कॉपी सुरुवातीच्या काळातली, कडेने गोल कोलंबियाचं नाव पुन्हापुन्हा छापलेलं असेल तर १९७० नंतरची. आणि दुकानदार वाजवून देत असेल तर दुसऱ्या बाजूचं शेवटचं गाणं लावायला सांगा, आतल्या खाचा आधी झिजतात आणि शर्लीचं गाणं नेमकं तिथेच आहे.