तांबट आळी, पुणे : मठारकाम आणि कारागिरांचे व्यवसाय-प्रशिक्षण

तांबट आळी ही पुण्याच्या कसबा पेठेतील तांब्याची भांडी घडवणाऱ्या कारागिरांची जुनी वस्ती आहे. पेशवाईच्या काळात कोकणातून आलेली त्वष्टा कासार समाजाची कुटुंबे येथे स्थिरावली आणि बंब, घंगाळ, हंडा, कळशी, पूजेची उपकरणी ही त्यांची ओळख बनली. वारसा टिकवायचा तर कारागिराला भाव ठरवता आला पाहिजे, या विचाराने येथे झालेले काम पुण्याबाहेरच्या हस्तकलांनाही उपयोगी पडेल असे आहे.

या कलेचा प्राण म्हणजे मठारकाम. पत्रा कापून, भट्टीत तापवून नरम केल्यावर तो ठोकून आकाराला आणतात आणि शेवटी गुळगुळीत तोंडाच्या हातोडीने एकाशेजारी एक नेमके ठोके मारून भांड्याच्या अंगावर उथळ खळग्यांच्या ओळी उठवतात. ठोक्यांनी तांबे कठीण होते, त्यामुळे पातळ पत्र्याच्या भांड्यालाही सहजी पोचा पडत नाही. शिवाय प्रत्येक खळगा उजेड वेगळ्या दिशेला परतवत असल्याने भांडे झळाळते. ओळ जराशी वाकली तरी नजरेला खटकते, आणि ती सरळ ठेवण्याचा अंदाज हाताला वर्षानुवर्षांच्या सरावानेच येतो.

स्टेनलेस स्टील, ॲल्युमिनियम व प्लास्टिकने घरातील तांब्याची जागा घेतली आणि गीझर आल्यावर बंब न्हाणीघरातून गेला, हे ऱ्हासाचे सर्वपरिचित कारण होय. परंतु विक्रीची जुनी पद्धतही तितकीच जबाबदार आहे. व्यापाऱ्याने पत्रा द्यायचा, कारागिराने भांडी घडवायची आणि मजुरी किलोवर मोजायची, अशी ही रीत होती. साधे भांडे आणि दाट मठारलेले भांडे काट्यावर सारखेच भरते. मठारलेल्या भांड्याला लागलेला कितीतरी जास्त वेळ मात्र कोणत्याच हिशेबात येत नाही. ज्या कौशल्यासाठी या आळीचे नाव घेतले जाते, नेमक्या त्याच कौशल्याला या हिशेबात मोल उरत नव्हते, आणि म्हणूनच अनेक घरांतील पुढच्या पिढीने नोकरी पत्करली.

1984 मध्ये स्थापन झालेल्या ‘इंटॅक’ या राष्ट्रीय वारसा संस्थेच्या पुणे शाखेने फोर्ब्स मार्शल या कंपनीच्या साहाय्याने येथे कलेच्या पुनरुज्जीवनाचे काम हाती घेतले. कारागीर आणि रचनाकार एकत्र बसून दिवे, तबके, पाण्याची भांडी, भेटवस्तू अशा आजच्या घरात वापरता येतील अशा वस्तू घडवू लागले आणि त्यांची विक्री वजनाऐवजी नगावर होऊ लागली. अशा उपक्रमांतील प्रशिक्षणाचा गाभा वरकरणी रुक्ष वाटणाऱ्या गोष्टींत असतो : पत्रा, कातरण, इंधन आणि तास धरून एका नगाचा खर्च काढणे, तांब्याचा भाव चढउतार करतो म्हणून मागणीसोबत आगाऊ रक्कम घेणे, मापात सातत्य राखणे, पावती व जीएसटीची कागदपत्रे सांभाळणे. मठारकामाइतकाच हा हिशेबही जतनाचा भाग मानला पाहिजे. वस्तूंची आखणी आणि ग्राहकांशी संबंध कायम बाहेरच्यांच्याच हाती राहिले, तर कारागीर पुन्हा मजुरीवरच येईल. म्हणून अशा प्रयत्नांची परीक्षा आळीतील किती जण स्वतः मागणी घेऊन स्वतः दर सांगतात, यावरच व्हावी.

सरकारी योजनांचा आधार अपुरा आहे. पारंपरिक कारागिरांसाठी 17 सप्टेंबर 2023 रोजी सुरू झालेल्या पीएम विश्वकर्मा योजनेत प्रशिक्षण, प्रशिक्षणकाळात रोज 500 रुपये विद्यावेतन, अवजारांसाठी 15,000 रुपये आणि दोन टप्प्यांत 3 लाख रुपयांपर्यंत 5 टक्के व्याजाने कर्ज मिळते. तिच्या मूळ 18 व्यवसायांत कुंभार आणि टोपल्या विणणारे आहेत. तांबटकाम स्वतंत्र व्यवसाय म्हणून नाही. भौगोलिक मानांकनाचा, म्हणजे ठरावीक प्रदेशाशी जोडलेल्या वस्तूच्या नावाला मिळणाऱ्या कायदेशीर संरक्षणाचा, मार्गही खुला आहे. पुणेरी पगडीला ते 2009 मध्ये मिळाले. त्यासाठी उत्पादकांच्या वतीने बोलणारी संघटना अर्ज करते, म्हणजे येथेही आधी कारागिरांना एकत्र यावे लागते.

प्रशिक्षणाने न सुटणारा प्रश्न जागेचा आहे. भट्टी आणि ठोकण्याचा आवाज दाट वस्तीत सामावून घेणारी जुनी घरे पाडून इमारती उभ्या राहताना तळमजल्यावरील कार्यशाळेला नव्या आराखड्यात जागा मिळेलच असे नाही, आणि कार्यशाळा शहराबाहेर गेली की आळीतील मुलांच्या नजरेसमोरून हे कामही जाते.