चंद्राचा फोटो : फोन तुमचा, दुर्बीण आमची

दुर्बीण घरी गेली की साधारण आठवड्याभरात दुकानात फोन येतो. "डोळ्याला चंद्र सुरेख दिसतो हो, पण फोटोत नुसता पांढरा गोळा येतोय. भिंगात काही बिघाड आहे का?" भिंगात बिघाड नसतो. हे उत्तर फोनवर पुरं पडत नाही, म्हणून हे पत्रक आता प्रत्येक पेटीत टाकतो. वाचून झाल्यावरही अडलं तर फोन जरूर करा.

पुढचे आकडे आमच्याकडून सर्वांत जास्त जाणाऱ्या दुर्बिणीसाठी आहेत: ७० मिमी भिंग, ९०० मिमी फोकल लेंथ (भिंगापासून चित्र जमतं तिथपर्यंतचं अंतर), सोबत २० आणि १० मिमीचे दोन आयपीस, म्हणजे डोळा लावायची छोटी भिंगं. ११४ किंवा १३० मिमीची आरशाची दुर्बीण असेल तर आकडे थोडे बदलतील, पद्धत तीच.

आधी पंचांग उघडा

पहिला फोटो पौर्णिमेला काढायचा मोह सगळ्यांनाच होतो. आम्हालाही झाला होता. एका कोजागिरीला सोसायटीच्या गच्चीवर दुर्बीण लावली, मसाला दूध उकळेपर्यंत मुलांची रांग लागली आणि फोटो आले ते भाकरीसारखे. कारण सरळ आहे. पौर्णिमेला ऊन आपल्या पाठीमागून चंद्रावर पडतं. तिथल्या डोंगरांच्या आणि विवरांच्या सावल्या त्यांच्याच मागे दडतात. सावली नाही म्हणजे खोली नाही.

फोटोला हवी ती चंद्रावरची उजेड-अंधाराची कड. तिथे सूर्य नुकताच उगवत असतो, ऊन तिरपं असतं आणि शे-दीडशे मीटरच्या उंचवट्याचीसुद्धा सावली लांबलचक पसरते. ही कड आज कुठे आहे हे सांगणारं साधन तुमच्या भिंतीवर टांगलेलंच आहे. तिथी म्हणजे काय? चंद्र आणि सूर्य यांच्यातलं अंतर १२ अंशांनी वाढलं की एक तिथी पुरी होते. म्हणजे दर तिथीला चंद्रावरची कडही साधारण १२ अंश पुढे सरकते. पंचांग करणाऱ्यांनी विवरं पाहण्यासाठी ते केलेलं नाही, पण आपलं काम चोख होतं.

शुद्ध षष्ठीला कडेवर थिओफिलस, सिरिलस आणि कॅथरिना ही एकमेकांना खेटलेली तीन विवरं सापडतात. अष्टमीला अर्धा चंद्र, आणि त्याच्या मधोमध कडेलगत टॉलेमी, अल्फॉन्सस, आर्झाचेल ही दुसरी तिकडी. अष्टमी-नवमीला अपेनाइन पर्वतरांग उन्हात येते, नुसत्या डोळ्यानेही कडेवर खाच असल्यासारखी भासते. नवमीला टायको आणि काळ्या, सपाट तळाचं प्लेटो, त्याच सुमारास दक्षिणेला सुमारे २३० किलोमीटर रुंदीचं क्लेव्हियस, ज्याच्या पोटात लहान विवरांची कमानच आहे. दशमीला कोपर्निकस: ९३ किलोमीटर रुंद, आतल्या भिंतींना पायऱ्या, मधोमध शिखरं. पहिल्या फोटोसाठी आमचं मत विचाराल तर नवमी. चंद्र आपल्याला किंचित डुलताना दिसतो, त्यामुळे एखाद्या तिथीचा फरक पडू शकतो. एवढं धरून चाला.

वद्य पक्षातही हेच सगळं उलट्या बाजूने दिसतं, पण त्यासाठी जागावं लागतं. अपवाद संकष्टीचा. घरात चंद्रोदयाची वाट पाहणं चालूच असतं, तेव्हा दुर्बीणही लावून ठेवा. त्या रात्री उजळ चंद्राचा एक काठ खाल्ल्यासारखा झालेला असतो. क्रिसियमचा 'समुद्र', म्हणजे एक काळसर सपाट मैदान, तिथे अंधारात शिरत असतो किंवा नुकताच शिरलेला असतो. फक्त चंद्र क्षितिजापासून चांगला वर येऊ द्या. नैवेद्य दाखवून, जेवून मग फोटो.

मार्च महिना आपल्याकडे खास. त्या दिवसांत शुद्ध अष्टमीचा चंद्र सूर्यास्ताला जवळजवळ डोक्यावर असतो, म्हणजे त्याच्या-आपल्यामध्ये हवा सर्वांत कमी. मान दुखते आणि लांब नळी ट्रायपॉडच्या पायाला अडते, हे मात्र खरं. नळी अडली तर तासाभराने चंद्र पश्चिमेला कलल्यावर पाहा.

गच्ची बरी की अंगण?

अंगण. सिमेंटची गच्ची दिवसभर तापते आणि रात्री ती उष्णता सोडत राहते. तव्यावरची हवा हलताना दिसते ना, तशीच ती चंद्रापुढे हलते. खाली माती, गवत असेल तर उत्तम. गच्चीच हाताशी असेल तर रात्री नऊनंतर, आणि शेजारच्या एसीच्या बाहेरच्या डब्यावरून चंद्र बघू नका. दुर्बीण अर्धा तास आधी बाहेर नेऊन ठेवा, म्हणजे ती बाहेरच्या हवेइतकी निवते. घराच्या खिडकीतून, काच उघडून जरी बघितलं तरी आतली गरम हवा बाहेर झेपावतेच. फोटो खराब येतो.

आधी डोळा, मग फोन

२० मिमीचा आयपीस लावा. दुर्बिणीची फोकल लेंथ ९०० भागिले आयपीसचे २० म्हणजे चंद्र ४५ पट मोठा. "एवढंच?" असं वाटेल. पण ४५ पटीत पूर्ण चंद्र आरामात मावतो, उजेड भरपूर मिळतो आणि फोन टेकवायला जागा राहते. १० मिमीच्या आयपीसला डोळा अगदी चिकटवावा लागतो, तसाच फोनही. एका मिलिमीटरने सरकला तरी चित्र काळं होतं. हात बसल्यावर तिकडे वळा. काही पेट्यांत तीनपट बार्लोही येतो, म्हणजे चित्र आणखी मोठं करणारं जोडभिंग. १० मिमीच्या आयपीसला तो लावला की हिशेब २७० पटींवर जातो. ७० मिमीच्या भिंगाची झेप फार तर १४० पटींपर्यंत, त्यापुढे नुसता धूसरपणा मोठा होतो. बार्लो कपाटात ठेवा. विकणारे आम्हीच आहोत, तरी सांगतो.

डोळ्याने फोकस करा. चष्मा लांबचा असेल तर लावूनच करा. चंद्राची कड, तिथल्या विवराचा काठ सुरीच्या पात्यासारखा दिसेपर्यंत चाक हळू फिरवा. मगच फोन. फोनला दोन-तीन कॅमेरे असतात, त्यातला मुख्य तेवढा वापरायचा. कोणता ते ओळखायला एकेका भिंगावर बोट ठेवून पडदा कधी काळा होतो ते बघा. तो आयपीसच्या बरोबर मध्यावर आणा. प्रथम काठाला एक उजळ ठिपका दिसेल, तो मध्ये ओढत आणलात की गोल उमलतो. फोन फार जवळ किंवा फार दूर गेला की गोलाच्या कडेने काळ्या चंद्रकोरी धावायला लागतात. २० मिमीच्या आयपीसला साधारण एक ते दीड सेंटिमीटर अंतर लागतं.

भोवती काळी चौकट दिसते ती चूक नव्हे, फोनची नजर आयपीसपेक्षा रुंद असते एवढंच. झूम दोनपट करा, चंद्र पडदा बऱ्यापैकी भरेल. त्यापुढे झूम करू नका, कारण काही फोन परस्पर दुसऱ्या कॅमेऱ्यावर उडी मारतात आणि मांडलेला डाव मोडतो.

फोन धरायचा अडॅप्टर आमच्याकडे मिळतो, पण पहिल्या रात्री तो लागत नाही. सायकलच्या जुन्या ट्यूबचा सेंटिमीटरभर रुंद तुकडा कापून आयपीसच्या तोंडावर चढवा आणि त्यावर फोन टेकवा. अंतर आपोआप धरलं जातं, काचेवर ओरखडाही येत नाही. अडॅप्टर लावलात तर एक लक्षात ठेवा. फोन दोनशे ग्रॅमचा, वर अडॅप्टरचं वजन. नळी मागच्या बाजूने झुकते आणि चंद्र निसटतो. फोन बसवून मग नळीचा तोल बघा, वर-खालचा स्क्रू आवळा, आणि पहिल्यांदा फोनखाली कोणाचा तरी हात असू द्या.

पांढऱ्या गोळ्याचा इलाज

फोनला बहुतेक पडदा काळा दिसतो, म्हणून तो समजतो की रात्र आहे, उजेड वाढवू. पण चंद्रावर त्या वेळी भर दिवस असतो! तो डांबरी रस्त्यासारख्या गडद दगडाचा आहे, पडलेल्या उजेडातला जेमतेम १२ टक्के परत पाठवतो, पण ऊन मात्र आपल्याकडच्या दुपारसारखंच. तेव्हा कॅमेऱ्याला दुपारचेच आकडे द्या. प्रो मोड (आकडे स्वतः ठरवायची सोय) असेल तर आयएसओ, म्हणजे उजेड टिपण्याची संवेदनशीलता, १०० वर ठेवा. २० मिमीच्या आयपीसला अष्टमीच्या सुमारास शटर १/१२५ सेकंद, पौर्णिमेला १/१००० च्या आसपास. अर्धा चंद्र पौर्णिमेच्या निम्मा उजळ असेल असं वाटतं, पण तो जेमतेम एक दशांशच असतो, म्हणून हा फरक. १० मिमीचा आयपीस लावलात तर शटर चौपट वेळ उघडं ठेवा. हे सुरुवातीचे आकडे. फोटो पाहून पुढे-मागे करा.

प्रो मोड नसेल तर पडद्यावर चंद्रावर बोट दाबून धरा. फोकस आणि उजेड लॉक होतात. मग सूर्याच्या चिन्हाची पट्टी खाली ओढा, चंद्र राखाडी दिसेपर्यंत. नाइट मोड, फ्लॅश बंद. फोनमध्ये दृश्य ओळखून फोटो 'सुधारणारी' सोय असेल तर तीही बंद, काही फोन चंद्र ओळखून स्वतःच्या पोतडीतले बारकावे भरतात. तो फोटो मग तुमचा राहत नाही.

बटण बोटाने दाबू नका. तीन सेकंदांचा टायमर लावा. न्यूयॉर्कमध्ये १८४० साली जॉन विल्यम ड्रेपर यांनी चंद्राचं छायाचित्र घेतलं, त्यासाठी कॅमेऱ्यातला पत्रा (तेव्हा फिल्मच्या जागी तोच असे) वीस मिनिटं उघडा ठेवावा लागला होता. तुम्हाला तीन सेकंद हात मागे घ्यायचाय.

फोटोपेक्षा व्हिडिओ

हवा सतत थरथरते. शंभरातला एखादा क्षण स्वच्छ असतो आणि तो बोटाने पकडणं नशिबाचा भाग. म्हणून अर्ध्या मिनिटाचा व्हिडिओ घ्या, त्यात सुमारे नऊशे चित्रं असतात. पृथ्वी फिरते त्यामुळे चंद्र दोन मिनिटांत स्वतःच्या रुंदीएवढा सरकतो. तो आधी काठाशी आणा आणि मधून जाऊ द्या, नळीला हात लावू नका. संगणकावर ऑटोस्टॅकर्ट हे मोफत सॉफ्टवेअर त्या नऊशेतली चांगली चित्रं निवडून एकावर एक रचतं, मग रजिस्टॅक्स या दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये धार काढता येते. धार फार काढली की विवरांभोवती पांढऱ्या रेघा उमटतात. तिथे थांबून एक पाऊल मागे या. काठाला जांभळी झालर दिसली तर फोटो कृष्णधवल करा, सुटसुटीत उपाय.

आयपीसच्या आधी बसवलेल्या काटकोनी आरशातून पाहिलेला चंद्र डावा-उजवा उलटा असतो, आरशाच्या दुर्बिणीत खालचा वर. नकाशाशी जुळत नाही म्हणून गोंधळू नका, फोन त्याला सरळ करू शकतो.

चांद्रयान दिसेल का?

हा प्रश्न २०२३ च्या ऑगस्टपासून रोज येतो. नाही दिसणार. ७० मिमीच्या भिंगातून चंद्रावरची साधारण तीन किलोमीटरची गोष्ट वेगळी ओळखता येते, विक्रम लँडर आहे दोन-अडीच मीटरचा. पण जागा दाखवता येते. क्लेव्हियसपासून आणखी दक्षिणेकडे, सुमारे ६९ अंश दक्षिण अक्षांशावर, जिथे विवरं तिरकस दिसून चपटी होतात तिथे शिवशक्ती, म्हणजे विक्रम उतरला ती जागा. मुलांना तेवढंही पुरतं.

हे मात्र पाळाच

दिवसाही चंद्र दिसतो आणि वद्य अष्टमीच्या सकाळी तो फोटोला छान मिळतो. पण त्याच आकाशात सूर्य असतो. दुर्बिणीतून सूर्याकडे एक क्षण पाहिलं तरी डोळा कायमचा जातो, फोनचा सेन्सरही जळू शकतो. दिवसा दुर्बीण घराच्या सावलीत, सूर्य भिंतीआड राहील अशीच लावा. फाइंडरला (नळीवरच्या नेम धरायच्या छोट्या दुर्बिणीला) टोपण घाला. मुलांना एकटं सोडू नका. आयपीसला लावायचा काळा 'सन फिल्टर' जुन्या पेटीत सापडला तर फेकून द्या, तो उष्णतेने तडकतो.

पावसाळ्यात भिंगांना बुरशी धरते, कोकणात तर वर्षभर. आयपीस हवाबंद डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांबरोबर ठेवा. धूळ फुंकू नका, ब्लोअर वापरा. दव पडलं तर पुसायचं नाही, आपोआप सुकू द्यायचं.

अडॅप्टर घ्यायला याल तेव्हा तुमचा फोन आणि आयपीस दोन्ही घेऊन या, फोनचं कव्हर काढून. कॅमेऱ्यांचा उंचवटा प्रत्येक फोनला वेगळा असतो, बसतो की नाही ते इथेच लावून बघू.