पुलावरचा 'स्नॅप' : कॉमिकवरच्या सिनेमांतल्या रडवणाऱ्या क्षणांची पार्श्वभूमी

२०२१ साली आलेल्या स्पायडरमॅनच्या सिनेमात शेवटच्या मारामारीत पीटरची, म्हणजे स्पायडरमॅनची, प्रेयसी एमजे उंचावरून पडते. तिचा पीटर तिच्यामागे झेपावतो, पण खलनायक गॉब्लिन त्याला वाटेतच उडवून लावतो. मग दुसऱ्या विश्वातून आलेला, वयानं थोडा मोठा पीटर उडी टाकतो, तिला हवेतच कवेत घेतो आणि जमिनीवर उतरवतो. ती बरी आहे ना, असं विचारताना त्याचेच डोळे भरून येतात. फक्त हाच सिनेमा पाहिलेल्यांना प्रश्न पडला असेल, की पोरगी तर वाचली, मग हा का रडतोय? या मोठ्या पीटरचा २०१४ चा सिनेमा पाहिलेल्यांना ते लगेच कळलं. आणि ज्यांनी स्पायडरमॅन कॉमिकचा जून १९७३ चा अंक कधीतरी हातात धरला होता, त्यांच्या लेखी ४८ वर्षांचं एक जुनं देणं त्या दोन मिनिटांत फिटत होतं.

कॉमिकवरच्या सिनेमांतले रडवणारे प्रसंग मोजायला बसलं की लोक कुठूनही सुरुवात करतात. माझ्या मते ती त्या अंकापासूनच करायला हवी. 'द अमेझिंग स्पायडरमॅन'चा १२१ वा अंक. कथेचं नाव पहिल्या पानावर छापलेलंच नव्हतं, ते शेवटी आलं, कारण नावातच सगळं फुटलं असतं. गॉब्लिननं पीटरच्या प्रेयसीला, बेशुद्ध ग्वेनला, पुलाच्या मनोऱ्यावर नेऊन ठेवलंय. झटापटीत तो तिला खाली ढकलतो. स्पायडरमॅन जाळं फेकतो, ते तिच्या पायाला चिकटतं आणि पडणारी ग्वेन मध्येच थांबते. जमलं! तो खुशीत येऊन स्वतःचीच पाठ थोपटत तिला वर ओढतो. पण जाळं पायाला लागलं त्याच चौकटीत, तिच्या मानेजवळ, बारीक अक्षरांत एक शब्द आहे : 'स्नॅप'. मारामारीचे 'धाड', 'थड' अर्धं पान खाणाऱ्या अक्षरांत छापणाऱ्या कॉमिकमध्ये हा शब्द इतका लहान आहे, की पहिल्या वाचनात नजर त्याच्यावरून सहज निसटते.

इथून वादाला तोंड फुटलं आणि तो अजून पुरता मिटलेला नाही. ग्वेन नेमकी कशानं मेली? अंकातला गॉब्लिन म्हणतो, एवढ्या उंचीवरून पडणारं माणूस जमिनीला लागायच्या आधीच मरतं. हे शास्त्राच्या दृष्टीनं खोटं आहे, विमानातून उडी मारणारा कुणीही ते सांगेल. ती आधीच मेलेली होती, असं मानणाराही एक गट आहे. आणि तो बारीक शब्द सांगतो की जाळ्याच्या हिसक्यानं मान मोडली, म्हणजे वाचवणाऱ्यानंच मारलं. वाचकांच्या पत्रांचा मारा झाल्यावर चार अंकांनी, १२५ व्या अंकाच्या पत्रव्यवहारात, संपादकीय उत्तर आलं : हिसका हेच कारण, आणि त्या क्षणी जाळं फेकण्यावाचून नायकाकडे दुसरा उपाय नव्हता. खून कुणाचा याचा निकाल पत्रांच्या पानावर लागावा, हे या माध्यमाला शोभणारंच आहे. गंमत म्हणजे पूल कोणता यावरही एकमत नाही. मजकूर जॉर्ज वॉशिंग्टन पूल म्हणतो, चित्रातला पूल ब्रुकलिनचा दिसतो.

पण खरा वाद त्याच्या आधीचा आहे. मारायचं कुणी ठरवलं? कथेत कुणाचा तरी बळी द्यायचा हे ठरलं होतं आणि आधी पीटरला वाढवणाऱ्या मे मावशीचं नाव पुढे होतं. म्हातारी गेली तर पीटरला दुःख होईल, पण त्याचं आयुष्य काही बदलणार नाही, असा विचार पुढे आला आणि चित्रकारानं ग्वेनचं नाव सुचवलं, असं एक कथन आहे. तरुण लेखकाला ग्वेनपेक्षा पीटरच्या दुसऱ्या मैत्रिणीत, मेरी जेनमध्ये, जास्त रस होता, ही गोष्ट त्यानं लपवली नाही. मग ज्यानं हे सगळं जग मुळात लिहिलं होतं, त्या ज्येष्ठाला हे माहीत होतं का? त्याचं म्हणणं असं, की आपण परदेशी निघायच्या गडबडीत होतो, नीट लक्ष न देता 'तुम्हाला योग्य वाटेल ते करा' म्हणालो आणि परत आलो तर ग्वेन गेलेली. बाकीचे म्हणतात, त्याच्या होकाराशिवाय एवढा मोठा निर्णय होणं शक्यच नव्हतं. मला दुसऱ्या बाजूचं जास्त पटतं. कॉलेजांतल्या भाषणांत तरुण पोरं उठून जाब विचारू लागली, की 'मी गावाला गेलो होतो' हे उत्तर फार सोयीचं पडतं. १९७५ मध्ये ग्वेनचा क्लोन कथेत आला तोही याच दबावापोटी. त्या क्लोननं पुढे जो गुंता केला, त्यात इथे शिरायला नको.

याआधी कॉमिकमध्ये कुणी मरत नव्हतं असं नाही. बॅटमनचे आई-वडील नोव्हेंबर १९३९ च्या अंकात मेले, पीटरचे बेनकाका ऑगस्ट १९६२ मध्ये. पण ते मृत्यू म्हणजे नायक घडण्याचं निमित्त. ती माणसं वाचकाला भेटतात न भेटतात तोच जातात. शिवाय १९५४ पासून अमेरिकेतल्या कॉमिकवर व्यवसायानं स्वतःहून घालून घेतलेली आचारसंहिता होती आणि दर वेळी चांगल्याचा वाईटावर विजय झालाच पाहिजे, असं त्यात स्पष्ट लिहिलेलं होतं. १९७१ मध्ये ती सैल झाली. दोन वर्षांत ग्वेन गेली. वर्षानुवर्षं दर महिन्याला भेटणारी मुलगी, नायकाच्या हातून, नायक जिंकत असताना. पुढच्या अंकात गॉब्लिन मेला, तरी त्याला कुणी विजय म्हणालं नाही.

सिनेमाला हे पचायला वेळ लागला. १९७८ च्या सुपरमॅनमध्ये दोन मृत्यू आहेत आणि दोन्ही शेजारीशेजारी ठेवून पाहण्यासारखे आहेत. पहिला वडिलांचा. शेतावरच्या रस्त्यानं मुलाबरोबर धावायला निघालेला माणूस मध्येच थबकतो, हात धरतो आणि कोसळतो. अंत्यविधीनंतर पोरगा म्हणतो, एवढ्या शक्ती असून मी त्यांना वाचवू शकलो नाही. दुसरा प्रेयसी लोइसचा. भूकंपात तिची गाडी जमिनीच्या भेगेत जाते आणि मातीखाली ती गुदमरून मरते. तेव्हा सुपरमॅन पृथ्वीभोवती गरगरा उडून काळच उलटा फिरवतो. हृदयविकारापुढे हतबल ठरलेला नायक भूकंपावर मात करतो, म्हणजे पटकथेला प्रेयसी मारायची हिंमत झाली नाही. रडवतो तो पहिलाच प्रसंग. २०१३ मध्ये त्याच वडिलांना चक्रीवादळात नेलं : मुलगा वाचवू शकतो, पण गुपित फुटू नये म्हणून बाप हात वर करून त्याला थांबवतो. या प्रसंगाचे चाहते आहेत, मी त्यांतला नाही. 'करू शकलो नाही' यात जे आहे ते 'करू दिलं नाही' यात येत नाही.

स्पायडरमॅनच्या सिनेमांनी तर त्या पुलाची प्रदक्षिणाच घातली. २००२ मध्ये गॉब्लिन क्वीन्सबरो पुलावर उभा आहे, एका हातात मेरी जेन, दुसऱ्या हातात मुलांनी भरलेल्या केबलकारची दोरी. रचना १९७३ ची, पण इथे सगळे वाचतात. २०१४ मध्ये मात्र सिनेमानं हिशेब पुरा केला. पूल गेला, त्याच्या जागी घड्याळाचा मनोरा आला. जाळं तुटतं, ग्वेन दातेरी चाकांमधून खाली जाते, पीटर दुसरं जाळं सोडतो आणि ते हळू गतीत पुढे सरकताना त्याचं टोक उघडतं, पाच बोटांच्या हातासारखं. ते तिला गाठतं. पण जमीनही तेव्हाच गाठते. घड्याळाचे काटे थांबतात ते एक वाजून एकवीस मिनिटांवर, १२१ व्या अंकाला नमस्कार म्हणून. त्याच्या आदल्या सिनेमात ग्वेनच्या मरणाऱ्या बापानं पीटरकडून वचन घेतलं होतं, की माझ्या मुलीला यापासून लांब ठेव. ते त्यानं मोडलं होतं. पुढे कबरीसमोर तो उभा आहे आणि भोवतालचे ऋतू बदलत जातात. सिनेमा एकूण विस्कळीत आहे, त्यात तीन सिनेमांचा मालमसाला कोंबलाय, पण ती पाच मिनिटं कुणी नाकारत नाही. म्हणूनच सात वर्षांनी तोच पीटर जेव्हा वरून नुसतं जाळं न फेकता स्वतः उडी टाकतो, तेव्हा तो काय शिकलाय ते संवादावाचून कळतं.

कागदावर मृत्यू टिकत नाही, हे वाचकांना एव्हाना ठाऊक झालं होतं. १९८० मध्ये 'एक्स-मेन'मधली जीन ग्रे मेली. लेखक-चित्रकारांनी ठरवलेला शेवट वेगळा होता. एक अख्खा ग्रह संपवणारं पात्र सुखरूप कसं सुटेल, असं मुख्य संपादकानं विचारल्यावर तो बदलला. सहाएक वर्षांत ती परत आली. १९८८ मध्ये बॅटमनच्या साथीदारानं, दुसऱ्या रॉबिननं, जगावं की मरावं, यावर फोनवर मतदान घेतलं, एका फोनला ५० सेंट. मरावा म्हणणारे ५,३४३, जगावा म्हणणारे ५,२७१. ७२ मतांनी पोरगा गेला. २००५ च्या सुमारास तोही परतला आणि त्याच वर्षी कॅप्टन अमेरिकाचा १९६४ पासून मेलेला साथीदारही. १९९२ च्या अखेरीस सुपरमॅन मेला, तो अंक काळ्या पिशवीत, दंडावर बांधायच्या काळ्या फितीसकट विकला गेला आणि वर्षभरात स्वारी हजर. पात्र कंपनीचं असतं, त्याला वय नसतं, मग मरण तरी कुठलं?

सिनेमाचा फरक इथेच पडला. नटाला वय असतं. २००० पासून 'एक्स-मेन'मधला वुल्व्हरिन, म्हणजेच लोगन, करणारा नट २०१७ च्या 'लोगन'मध्ये लंगडत, खोकत, चष्मा लावून औषधाच्या बाटलीवरची अक्षरं वाचत येतो, तेव्हा प्रेक्षक स्वतःची सतरा वर्षंही मोजत असतो. शेवटी तो मरतो. त्याच्यासोबतची मुलगी लॉरा त्याच्या कबरीवरचा क्रॉस उपटते आणि तिरका करून पुन्हा खोचते, त्याचा 'एक्स-मेन'मधला एक्स होतो. एवढंच. भाषण नाही, बँड नाही.

मग आली २०१८ च्या 'ॲव्हेंजर्स' सिनेमातली खलनायक थॅनोसची चुटकी. इंग्रजीत बोटं वाजवणं आणि हाड मोडणं या दोन्हीला तोच 'स्नॅप' शब्द चालतो, त्यामुळे तिकडच्या चाहत्यांना १९७३ आणि २०१८ एका शब्दात बांधता येतात. मराठीत मात्र एक 'टिचकन' आणि एक 'काडकन'. मला आपली फोड जास्त नेमकी वाटते, कारण दोन्ही घटना एका जातीच्या नाहीतच. ग्वेनचं मरण एकटीचं होतं. चुटकीनं अर्धं विश्व जातं आणि अर्ध्या विश्वासाठी कुणी रडत नाही. १९९१ च्या मूळ कॉमिकमध्येही ही चुटकी आहे आणि तिथे ती धक्का देते, हेलावत नाही. सिनेमात ती लागली ती एका पोरामुळे. बाकीचे गुपचूप राख होतात, पीटरला मात्र ते आधी जाणवतं आणि तो टोनीला, म्हणजे आयर्नमॅनला, घट्ट धरून म्हणतो, मला जायचं नाहीये. त्याचा पुढचा सिनेमा येणार हे तेव्हाच जाहीर झालेलं होतं, थिएटरात बसलेल्या बहुतेकांना ते माहीतही होतं. तरी लोक रडले.

२०१९ च्या पुढच्या भागात टोनीची सहकारी नताशा, म्हणजे ब्लॅक विडो, कड्यावरून गेली आणि टोनी रणांगणात. टोनीला तळ्याकाठी अंत्यविधी मिळाला, सगळी फौज काळ्या कपड्यांत, पाण्यावर पुष्पचक्र आणि त्यात २००८ च्या 'आयर्नमॅन' सिनेमातलं त्याच्या छातीतलं यंत्र, 'टोनी स्टार्कला हृदय आहे याचा पुरावा' असं कोरलेलं. नताशाला मिळाला तळ्याकाठचा थोडा शोक आणि तुटका संवाद. यावर झालेली टीका मला रास्त वाटते, आणि तिलाही जुना इतिहास आहे : १९९४ च्या ग्रीन लँटर्नच्या एका अंकात नायक घरी येतो आणि प्रेयसीचं प्रेत फ्रिजमध्ये सापडतं. नायकाला पेटवण्यासाठी मारलेल्या, छळलेल्या स्त्रीपात्रांची यादी १९९९ मध्ये इंटरनेटवर आली, तेव्हापासून या प्रकाराला फ्रिजचंच नाव चिकटलं. ग्वेनला त्या यादीची आजी म्हणता येईल, हे तिच्यावर लोभ असणाऱ्या माझ्यासारख्यांनी कबूल केलेलं बरं.

'कॉमिकवरचा सिनेमा' म्हटलं की झग्यातला नायकच डोळ्यांपुढे येतो, तो आळशीपणा आहे. ग्वेन मेली त्याच १९७३ साली जपानमध्ये 'अनवाणी गेन' ही मांगा, म्हणजे जपानी कॉमिक, मालिका सुरू झाली, हिरोशिमातून वाचलेल्या चित्रकाराची. १९८३ च्या ॲनिमेशनपटात घराखाली अडकलेला बाप मुलाला सांगतो, आईला घेऊन जा, आणि आग जवळ येत राहते. तिथे कुणाकडे जाळं नाही. यादी करणारे हा सिनेमा विसरतात. 'गार्डियन्स'च्या २०२३ मधल्या सिनेमातल्या रॉकेट या रॅकूनच्या पिंजऱ्यातल्या मित्रांवर, आकाश पाहायला आसुसलेल्या त्या लायला नावाच्या पाणमांजरीवर मात्र सगळे भरभरून लिहितात. ती आठवण काढली की माझाही घसा दाटतो, ते वेगळं.

नटाच्या वयावर बेतलेलं हे दुःख नटाच्या मरणानंही आलं. ऑगस्ट २०२० मध्ये ब्लॅक पँथरचा नट गेला आणि ती भूमिका दुसऱ्याला न देण्याचं ठरलं. २०२२ च्या सिनेमात सुरुवातीचं बोधचिन्ह संगीताविना, फक्त त्याच्या छायाचित्रांसह येतं. पात्र एका माणसापेक्षा मोठं असतं, ते पुढे चालू राहायला हवं होतं, असं म्हणणारे चाहतेही पुष्कळ होते.

कागदाची सवय पडद्यालाही लागायची ती लागलीच. टोनी करणारा नट खलनायक म्हणून परतणार, हे २०२४ मध्ये जाहीर झालं. आणि त्याच वर्षी आलेला एक सिनेमा सुरूच होतो तो लोगनची कबर उकरण्यापासून. आत तो जिवंत असेल या आशेनं खणतात, निघतो नुसता धातूचा सांगाडा, मग त्याच हाडांनी एका सुरेल पॉप गाण्यावर तुफान मारामारी होते. २०१७ मध्ये त्या कबरीशी रडलेले बरेच जण तिथेच खिदळले. मीही.