असंगत प्रहसने, ब्रिटिश दूरचित्रवाणीवरील

खुळचट कल्पना सुट्या, छोट्या प्रसंगांतून अत्यंत गंभीर चेहऱ्याने रंगवणारा विनोदप्रकार. ब्रिटनमध्ये तो १९६० च्या दशकाच्या अखेरीस दूरचित्रवाणीवर रुजला. अशा सुट्या प्रसंगाला इंग्रजीत स्केच म्हणतात. मराठी वाहिन्यांनी त्यासाठी ‘स्किट’ हा शब्द घरोघरी पोचवला आहे, जुना शब्द प्रहसन. बीबीसीची ‘मॉन्टी पायथन्स फ्लाइंग सर्कस’ (१९६९–७४) ही मालिका या प्रकाराचा मानदंड मानली जाते आणि या नोंदीचा भरही तिच्यावरच आहे. ‘असंगत’ हे विशेषण रंगभूमीवरून आले. बेकेट, आयोनेस्को प्रभृतींच्या नाटकांना ते समीक्षक मार्टिन एसलिन यांनी १९६१ मध्ये चिकटवले; हेच एसलिन पुढे बीबीसीच्या नभोनाट्य विभागाचे प्रमुख झाले. त्या नाटकांच्या तळाशी असलेली उदासी मात्र पडद्यावरच्या प्रहसनांत फारशी हाताला लागत नाही. तिथे टापटीप असते: कोट, टाय, अदबीची भाषा आणि काउंटरसमोर शिस्तीत उभा राहिलेला नागरिक.

या विनोदाची गोडी कशात आहे, हे कळायला ७ डिसेंबर १९६९ रोजी दाखवलेले मेलेल्या पोपटाचे प्रहसन पुरेसे आहे. रेनकोट घातलेले एक गिऱ्हाईक (जॉन क्लीज) पिंजरा घेऊन पाळीव प्राण्यांच्या दुकानात येते. अर्ध्या तासापूर्वी इथून नेलेला पोपट मेलेला आहे, ही तक्रार. दुकानदार (मायकेल पेलिन) ती मान्यच करत नाही. पोपट विसावा घेतोय, दचकून गप्प झालाय, नॉर्वेच्या खाड्यांच्या आठवणीने झुरतोय, अशा सबबी तो एकामागून एक पुढे करतो. पायांना खिळे ठोकले होते म्हणूनच पोपट दांडीवर उभा होता, हे उघड झाल्यावरही गडी डगमगत नाही. खिळे नसते तर पक्षी गज वाकवून केव्हाच उडाला असता, म्हणतो. शेवटी गिऱ्हाइकाचा बांध फुटतो आणि मरणासाठी इंग्रजीत असलेले वाक्प्रचार ते धडाधड, एका दमात सुनावते. (मराठी अनुवादकाची इथे चंगळ आहे. गचकला, खपला, आटोपला, राम म्हटला, देवाघरी गेला, कैलासवासी झाला. आणि ‘प्राणपाखरू उडाले’ तर इथे अगदी नेमके बसते.)

हा प्रसंग आकाशातून पडलेला नाही. पेलिन यांचा गाठ पडलेला एक गॅरेजवाला गाडीत काही बिघाड आहे हे कबूलच करत नसे. तो किस्सा त्यांनी क्लीज यांना सांगितला आणि १९६८ च्या एका कार्यक्रमात त्याचे मोटार विकणाऱ्यावरचे प्रहसन झाले. पुढच्या वर्षी मोटारीच्या जागी पोपट आला. भांडण तेच राहिले. अशा लेखनाचे मर्म या अदलाबदलीत आहे. वस्तू अशक्य कोटीतली निवडायची, पण तिच्याभोवतीचे वागणे रोजच्या व्यवहारातून जसेच्या तसे उचलायचे. पहिले गृहीतक एकदा खुळे धरले की पुढची प्रत्येक पायरी तर्काला धरून असली पाहिजे. आणि प्रसंगातल्या कोणीही हसायचे नाही. पात्रांपैकी एकाला जरी ‘हा काय वेडेपणा चाललाय’ असे वाटले, तरी सगळा डोलारा कोसळतो. वेडेपणा ओळखण्याचे काम एकट्या प्रेक्षकाचे, आणि ते एकट्याने करावे लागते म्हणूनच त्याला गुदगुल्या होतात.

खुळ्या चालींच्या मंत्रालयाचे प्रहसन (१९७०) हा याच सूत्राचा सरकारी अवतार. आपली खुळी चाल विकसित करण्यासाठी अनुदान मागायला एक अर्जदार येतो. बोलर हॅट घातलेला, सहा फुटांहून उंच अधिकारी स्वतः पाय आकाशाकडे फेकत कचेरीत शिरलेला असतो. अर्जदाराची चाल पाहून तो तज्ज्ञाच्या थाटात शेरा मारतो, की ती पुरेशी खुळी नाही. मग संरक्षण, आरोग्य, शिक्षण यांच्या बरोबरीने निधी मिळत नसल्याचे गाऱ्हाणे गातो. क्लीज यांच्या लांब तंगड्यांमुळे हे प्रहसन जगभर गेले खरे, पण माझ्या मते त्याची खरी गंमत अर्थसंकल्पाच्या त्या कंटाळवाण्या भाषेत आहे. १९७२ च्या ‘वादविवाद केंद्रा’त तर हालचाल जवळजवळ नाहीच. एक जण पैसे मोजून पाच मिनिटांचा वाद विकत घ्यायला येतो आणि समोरचा त्याच्या प्रत्येक विधानाला नुसते ‘नाही’ म्हणत राहतो. नुसता नकार म्हणजे वाद नव्हे. वाद म्हणजे निष्कर्षाकडे नेणारी विधानांची साखळी, असे गिऱ्हाईक बजावते, आणि त्यावरही उत्तर येते, ‘नाही’. तर्कशास्त्र शिकवणारे प्राध्यापक हे प्रहसन वर्गात दाखवतात, यात नवल नाही.

हा कचेरी थाट लेखकांच्या अंगवळणी पडलेला होता. ‘मॉन्टी पायथन’ या नावाने मालिका लिहिणाऱ्या आणि तीत काम करणाऱ्या सहा जणांपैकी क्लीज, ग्रॅहम चॅपमन आणि एरिक आयडल हे केंब्रिजचे, टेरी जोन्स आणि पेलिन ऑक्सफर्डचे. टेरी गिलियम तेवढे अमेरिकन. क्लीज यांनी कायदा शिकला होता, चॅपमन वैद्यक. समाजाने ज्या खुर्च्या त्यांच्यासाठी राखून ठेवल्या होत्या, त्यांच्यावर बसणाऱ्यांची बोलण्याची ढब त्यांना आतून ठाऊक होती. क्लीज-चॅपमन जोडीने लिहीत, जोन्स-पेलिन जोडीने, आयडल एकटे. मग सगळे मिळून वाचन करत आणि बाकीचे ज्याला हसतील ते ठेवत. भांडखोर, शब्दबंबाळ प्रसंग बहुधा पहिल्या जोडीचे; दृश्यांवर चालणारे, एकातून दुसऱ्यात वाहत जाणारे दुसऱ्या जोडीचे.

त्यांच्यामागे इंग्रजीतली निरर्थ काव्याची जुनी परंपरा होती. एडवर्ड लिअर आणि लुइस कॅरल यांनी एकोणिसाव्या शतकात तिला घराघरांत नेले होते. तिचा जवळचा वारस म्हणजे बीबीसी रेडिओवरचा ‘द गून शो’ (१९५१–६०), आणि त्याचा मुख्य लेखक स्पाइक मिलिगन. मिलिगन यांचा जन्म १६ एप्रिल १९१८ रोजी अहमदनगरला (आताचे अहिल्यानगर) झाला. वडील आयरिश, ब्रिटिश लष्करात नोकरीला. मुलाचे बालपण पुण्यात आणि रंगूनमध्ये गेले. दुसऱ्या महायुद्धात मिलिगन तोफखान्यात होते. इटलीत ते जखमी झाले आणि त्या धक्क्याने खचले. मानसिक आजाराने त्यांची पाठ पुढे आयुष्यभर सोडली नाही. लष्करी हुकूम, कवायत, वरिष्ठांची पोकळ भाषा हे सगळे त्यांनी रेडिओवर आणले, पण मोडतोड करून. रेडिओला नेपथ्य लागत नाही. नुसत्या आवाजावर भिंत चालू शकते, माणूस पियानोत बसून समुद्र ओलांडू शकतो. पायथन मंडळी हे ऐकतच मोठी झाली.

पडद्यावर या मोकळेपणाचे काय करायचे, हाही प्रश्न मिलिगन यांनीच आधी सोडवला. १९६९ च्या सुरुवातीला बीबीसी टू वाहिनीवर त्यांची ‘क्यू ५’ आली. तोवर दूरचित्रवाणीवरच्या प्रहसनाची गाठ शेवटच्या चटकदार वाक्याने मारली जाई. सगळा प्रसंग त्या वाक्यासाठी उभा केलेला, आणि ते फसले की सगळेच मुसळ केरात. मिलिगन प्रहसन मध्येच सोडून देत. नव्या मालिकेच्या तयारीत असलेल्या पायथन मंडळींनी हे पाहिले आणि आपली कल्पना कोणीतरी आधीच वापरली म्हणून हळहळले. पुढे ‘क्यू ५’चे दिग्दर्शक इयन मॅकनॉटन यांनाच त्यांनी आपल्याकडे आणले.

शेवट नको म्हटल्यावर एका प्रसंगातून दुसऱ्यात जायचे कसे? पायथनचे उपाय मजेशीर होते. चॅपमन यांचा लष्करी कर्नल दमदाटी करत पडद्यावर येई आणि ‘फारच खुळचटपणा चाललाय’ म्हणून प्रसंग बंद पाडी. कधी वरून सोळा टनांचे वजन पडे. कधी चिलखत घातलेला सरदार सोललेल्या कोंबडीने कोणाच्या तरी डोक्यात हाणी. बाकी सांधे गिलियम जुळवत. जुनी छायाचित्रे आणि चित्रे कात्रीने कापून त्यांनी जी चलचित्रे केली, त्यांत सगळ्यांत प्रसिद्ध म्हणजे शीर्षकाअखेरीस सर्व काही चिरडणारा भला मोठा पाय. तो ब्रोंझिनो या सोळाव्या शतकातल्या इटालियन चित्रकाराच्या चित्रातून घेतलेला आहे. मूळ चित्र लंडनच्या नॅशनल गॅलरीत आहे. त्यात डाव्या कोपऱ्यात मदनाचा तो पाय शोधणाऱ्यांना पुढे उरलेले चित्र दिसत नाही म्हणतात ते खोटे नसावे. सोबतचे बँडसंगीत अमेरिकन संगीतकार सूसा यांच्या १८९३ च्या संचलनगीताचे. त्यावरचा स्वामित्वहक्क संपला होता, म्हणजे फुकट होते.

दूरचित्रवाणी हाच या मालिकेचा आवडता विषय. ब्रिटनमध्ये तेव्हा तीनच वाहिन्या होत्या. बातम्या, माहितीपट, मुलाखती यांचा साचा सगळ्या देशाला पाठ होता, त्यामुळे तो किंचित वाकवला तरी लोकांच्या लगेच लक्षात येई. शीर्षके उशिरा येत, श्रेयनामावली भलतीकडेच सुरू होई, टेबलामागचा निवेदक टेबलासकट शेतात किंवा समुद्रकिनारी बसलेला दिसे. स्पॅनिश धर्मन्यायालयाच्या भागात (१९७०) लाल झग्यातले तीन कार्डिनल (कॅथलिक चर्चचे वरिष्ठ धर्माधिकारी) एका न्यायालयात ऐनवेळी हजर व्हायला म्हणून बसने निघतात. तेवढ्यात श्रेयनामावली सुरू होते, आपला कार्यक्रम संपत आलाय हे त्यांना कळते, आणि ते हातघाईवर येतात. न्यायालयात पोचतात तोवर ‘समाप्त’ची पाटी झळकते.

पहिला भाग ५ ऑक्टोबर १९६९ रोजी, रविवारी रात्री उशिरा लागला. चार पर्वांत मिळून ४५ भाग झाले; शेवटच्या सहा भागांच्या पर्वात क्लीज नव्हते. अमेरिकेत मालिकेला प्रेक्षक मिळाले ते सार्वजनिक वाहिन्यांवर. एबीसी या व्यापारी वाहिनीने चौथ्या पर्वाचे भाग घेतले तेव्हा जाहिराती आणि सोज्वळपणा यांच्यापायी ९० मिनिटांतली २४ मिनिटे छाटली. पायथन मंडळी कोर्टात गेली. १९७६ मध्ये अपील न्यायालयाने त्यांची बाजू उचलून धरली: अशा छाटणीने मूळ कृती विद्रूप होते. ज्या कार्यक्रमाला लोक बिनबुडाचा म्हणत, त्यातले काही काढले तर तो बिघडतो, हे न्यायमूर्तींनी लेखी दिले. लेखकांना याहून मोठी पावती मिळाली नसावी.

सगळेच काही टिकलेले नाही. स्त्रियांच्या भूमिका बहुतेक पुरुषच किनऱ्या आवाजात करत. कॅरोल क्लीव्हलंड या मालिकेत वारंवार दिसणाऱ्या अभिनेत्री, पण त्यांच्या वाट्याला आले ते बहुतांशी दिसण्याचे काम. परदेशी आणि समलिंगी माणसांवरचे काही विनोद आज ऐकवत नाहीत. लांबलेले, फसलेले प्रसंगही बरेच आहेत. शेवटाची सक्ती काढली की कंटाळ्यालाही मोकळे रान मिळते.

नंतरच्या पिढ्यांनी यातले हवे ते उचलले. ‘अ बिट ऑफ फ्राय अँड लॉरी’ (१९८९–९५) या मालिकेने भाषेची कसरत घेतली. मिचेल आणि वेब या विनोदी जोडीच्या ‘नंबरवँग’ या प्रहसनात स्पर्धक नुसते आकडे सांगतात, सूत्रसंचालक अधूनमधून आनंदाने जिंकल्याची घोषणा करतो आणि नियम कोणाला कधीच कळत नाहीत. ‘गुडनेस ग्रेशियस मी’ (१९९८) या ब्रिटिश भारतीयांच्या मालिकेने पारडे उलटवले. तिच्यातल्या सर्वांत गाजलेल्या प्रहसनात मुंबईतली भारतीय मंडळी रात्री टाइट होऊन ‘इंग्लिश खायला’ जातात, वेटरच्या नावाची वाट लावतात आणि सगळ्यांत अळणी पदार्थ मागवून मर्दुमकी गाजवतात. ब्रिटनमधल्या करी हाउसमध्ये, म्हणजे भारतीय पद्धतीच्या खाणावळींत, वेटरांनी जे सोसले होते, त्याची ही सव्याज परतफेड.

या विनोदाचे काही शब्द तर मूळ विसरून जगभर फिरतात. नको असलेल्या ईमेलला ‘स्पॅम’ म्हणतात तो १९७० च्या एका प्रहसनामुळे. त्यातल्या खाणावळीत डबाबंद स्पॅम मांसाशिवाय जवळजवळ काहीच मिळत नाही आणि त्या शब्दाच्या गजरात बाकीचे बोलणे बुडून जाते. पुण्या-मुंबईच्या अभियांत्रिकी महाविद्यालयांत शिकवली जाणारी ‘पायथन’ ही संगणकभाषाही अजगरावरून आलेली नाही. तिचे जनक गीडो व्हान रॉसम यांनी या मालिकेवरूनच तिचे नाव ठेवले. तिच्या मार्गदर्शिकांतल्या उदाहरणांत ‘स्पॅम’ आणि ‘एग्ज’ सापडतात ते त्यामुळेच.

मिलिगन २७ फेब्रुवारी २००२ रोजी वारले. पासपोर्टची अडचण झाली म्हणून त्यांनी १९६२ मध्ये आयर्लंडचे नागरिकत्व घेतले होते. इंग्लंडमधल्या विंचल्सी गावी, सेंट थॉमस चर्चच्या आवारात त्यांची कबर आहे. ‘मी आजारी आहे, सांगत होतो ना तुम्हाला’ असे वाक्य त्यांना शिळेवर हवे होते. चर्चच्या अधिकाऱ्यांना ते इंग्रजीत चालेना. आयरिश भाषेत चालले, आणि तसेच ते कोरले आहे.