ऊन न सोसणारी मुलं

दीड-दोन वर्षांच्या मुलाच्या गालांवर, नाकावर, हातांवर तपकिरी ठिपके उठू लागले की आपल्याकडे त्यांना उन्हाचे डाग म्हणतात, दुधाची साय लावतात आणि विषय तिथेच मिटतो. पण इतक्या लहान वयात असे ठिपके सहसा येत नाहीत. मूल उजेडात डोळे उघडत नसेल, किंवा जराशा उन्हाने भाजल्यासारखं लाल होऊन आठवडाभर तसंच राहत असेल, तर त्वचारोगतज्ज्ञांना दाखवायलाच हवं. क्वचित का होईना, यामागे झिरोडर्मा पिगमेंटोसम हा आनुवंशिक आजार असतो. डॉक्टर त्याला थोडक्यात एक्सपी म्हणतात. यात लहान वयातच त्वचेचा कर्करोग होऊ शकतो. एक्सपीची जवळजवळ निम्मी मुलं उन्हाने भाजतही नाहीत, फक्त ठिपके वाढत जातात. त्यामुळे निदान आणखी लांबतं.

ऊन आपल्या सगळ्यांच्याच डीएनएला इजा करतं. डीएनएच्या साखळीत ए, टी, जी, सी ही चार अक्षरं ओळीने येतात. अतिनील किरण पडले की शेजारशेजारचे दोन टी किंवा दोन सी एकमेकांना चिकटतात, विणताना दोन टाके एकमेकांत अडकावेत तसे. भर दुपारी उघड्या त्वचेच्या एकेका पेशीत अशा हजारो जागा तयार होतात. तरीही आपल्याला काही होत नाही, कारण दुरुस्ती लगेच सुरू होते. काही प्रथिनं साखळीवरून फिरत वाकडी झालेली जागा हेरतात, काही तिथे साखळीचे दोन पदर उलगडतात. मग इजा झालेल्या जागेच्या दोन्ही बाजूंना काप घेऊन तीसएक अक्षरांचा तुकडा काढून टाकला जातो. समोरचा पदर शाबूत असतो. त्याच्यावर बघून नवा तुकडा भरला जातो आणि टोकं जोडली जातात. या दुरुस्तीचा तपशील उलगडल्याबद्दल तुर्कस्तानात जन्मलेले अझीझ संजार २०१५च्या रसायनशास्त्राच्या नोबेलचे एक मानकरी ठरले.

एक्सपीच्या बहुतेक मुलांत नेमकी हीच दुरुस्ती नीट होत नाही. आजाराची नोंद १८७०च्या दशकात व्हिएन्नात त्वचारोगतज्ज्ञ मोरित्झ कापोसी यांनी केली होती, पण कारण कळायला जवळजवळ शंभर वर्षं लागली. सॅन फ्रान्सिस्कोत डीएनएच्या दुरुस्तीवर काम करणारे जेम्स क्लीव्हर यांनी या आजाराबद्दल वर्तमानपत्रात वाचलं आणि रुग्णांच्या त्वचेच्या पेशी मागवल्या. त्यांनी पेशींवर अतिनील किरण सोडले आणि किरणोत्सर्गी खूण केलेलं थायमिडीन, म्हणजे डीएनएचा कच्चा माल, त्यांना पुरवलं. निरोगी पेशींनी दुरुस्तीसाठी ते उचललं. रुग्णांच्या पेशींनी जवळजवळ उचललंच नाही. १९६८ साली हा निष्कर्ष प्रसिद्ध झाला. डीएनएची दुरुस्ती बिघडली की कर्करोग होतो, याचा माणसात मिळालेला हा पहिला थेट पुरावा.

पुढे नेदरलँड्समध्ये दोन वेगवेगळ्या रुग्णांच्या पेशी जोडून त्यांची एकच पेशी करून पाहिली, तर काही जोड्यांत दुरुस्ती पुन्हा सुरू झाली! एकाकडे जे नव्हतं ते दुसऱ्याकडे होतं, म्हणजे बिघडलेली जनुकं वेगवेगळी होती. आज एक्सपीला कारणीभूत ठरणारी आठ जनुकं माहीत आहेत. मला हा प्रयोग फार आवडतो. इतक्या साध्या युक्तीने केवढं कळलं.

दुरुस्ती झाली नाही की पेशी विभागताना चिकटलेली अक्षरं चुकीची वाचली जातात आणि सी-सीच्या जागी टी-टी लिहिलं जातं. एक्सपीतल्या कर्करोगाच्या गाठींमध्ये पी-५३ या कर्करोग रोखणाऱ्या जनुकात हीच खूण वारंवार सापडते. उन्हाची सहीच म्हणा ती. अमेरिकेतल्या रुग्णांच्या नोंदींनुसार विसाव्या वर्षाच्या आत त्वचेच्या नेहमीच्या कर्करोगांचा धोका इतरांच्या सुमारे १०,००० पट असतो आणि पहिली गाठ साधारण नवव्या वर्षी दिसते. एरवी हे कर्करोग उतारवयातले. सुमारे पाव रुग्णांत ऐकू येणं, चालणं, शिकणंही हळूहळू मंदावतं.

एक गोष्ट मात्र चक्रावणारी आहे. कॉकेन सिंड्रोम या दुसऱ्या आनुवंशिक आजारात याच दुरुस्तीचा एक भाग बिघडतो, मुलांना ऊन सोसत नाही, वाढ खुंटते, पण कर्करोगाचा धोका वाढत नाही. तिथे इजा झालेल्या पेशी बहुधा मरून जातात. कर्करोगासाठी इजा झालेली पेशी जगायला लागते.

स्तनाच्या आणि अंडाशयाच्या कर्करोगाशी जोडलेली बीआरसीए जनुकं, किंवा मोठ्या आतड्याच्या कर्करोगाकडे नेणारा लिंच सिंड्रोम, हेही दुरुस्तीचेच बिघाड. पण तिथे आई किंवा वडील, एकाकडून आलेली जनुकाची सदोष प्रत धोका वाढवायला पुरते. एक्सपीत दोन्ही प्रती सदोष लागतात. आईवडील प्रत्येकी एक सदोष प्रत बाळगून ठणठणीत असतात, म्हणून घराण्यात कुणालाच नसलेला आजार अचानक उद्भवतो. मामाच्या किंवा आत्याच्या मुलीशी लग्न करण्याची चाल आपल्याकडे अनेक समाजांत आहे. सख्ख्या आते-मामे भावंडांची सरासरी एक अष्टमांश जनुकं सारखी असतात, त्यामुळे तीच सदोष प्रत दोघांकडे असण्याची शक्यता बरीच वाढते. यात कुणाला दोष देण्यासारखं काही नाही, पण लग्न ठरवताना माहीत असायला हवं.

बिघडलेलं जनुक दुरुस्त करणारा उपचार अजून हाती नाही. ऊन टाळणं हाच खरा उपचार, आणि तो जितका लवकर तितका उपयोगी. खिडकीच्या साध्या काचेतून अतिनील-ए किरण आत येतातच, म्हणून काचांना ते अडवणारी फिल्म लावतात. अंगभर कपडे, चेहऱ्यावर खास पारदर्शक पडदा, डोळ्यांना गॉगल, दर थोड्या वेळाने सनस्क्रीन. ढगाळ दिवसही यातून सुटत नाही. उन्हाअभावी ड जीवनसत्त्व कमी पडतं, ते तोंडाने द्यावं लागतं. त्वचा आणि डोळे दर काही महिन्यांनी तपासून गाठ लहान असतानाच काढतात. शाळेत वर्गाबाहेरच्या तासांना या मुलाला आत बसू द्यावं लागतं, आणि ते का, हे वर्गातल्या मुलांना नीट सांगावं लागतं.

अशा घरात पुढच्या प्रत्येक गर्भारपणी बाळाला एक्सपी असण्याची शक्यता चारात एक असते. पहिल्या मुलातला नेमका जनुकीय बिघाड ठाऊक असेल, तर साधारण अकराव्या-बाराव्या आठवड्यात वारेचा नमुना घेऊन तपासता येतं. म्हणून मुलाचं निदान झालं की जनुकीय चाचणीही करून घ्यावी आणि तिचा अहवाल जपून ठेवावा.