अमेरिकेला निघालेले विमान आधी उत्तरेकडे का जाते?
(परदेशी तिकीट काढणाऱ्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक)

मुलगा किंवा मुलगी अमेरिकेत असलेल्या पालकांना आम्ही तिकिटाचा प्रस्ताव पाठवला की पुष्कळदा एकच प्रश्न येतो. मुंबईहून न्यूयॉर्कला जायचे असताना लंडनचा वळसा कशासाठी? नकाशावर पट्टी ठेवून रेघ ओढली तर ती अरबस्तान, इजिप्त, लिबिया, मोरोक्को अशी जाते, मग कैरोमार्गे तिकीट का नाही? छत्रपती संभाजीनगर, जालना, परभणी, बीड, लातूर अशा सर्वच ठिकाणच्या ग्राहकांच्या मनात ही शंका असल्यामुळे तिचे उत्तर येथे सविस्तर देत आहोत.

अडचण पट्टीत नाही, नकाशात आहे. भिंतीवरचा किंवा मोबाइलवरचा जगाचा नकाशा बहुधा मर्केटरच्या पद्धतीचा असतो. नकाशाकार गेरार्डस मर्केटर यांनी 1569 मध्ये तो खलाशांसाठी तयार केला, आणि त्यावरची सरळ रेघ म्हणजे होकायंत्राची एकच दिशा धरून केलेला प्रवास होय. तो सोपा असतो, पण सर्वांत जवळचा असतोच असे नाही. विषुववृत्तावर रेखांशाचा एक अंश सुमारे 111 किलोमीटरचा असतो, तर 60 अंश उत्तर अक्षांशावर तोच अंश साधारण 56 किलोमीटरचा उरतो. या नकाशात मात्र दोन्ही ठिकाणी तो सारख्याच रुंदीने काढलेला असतो. त्यामुळे उत्तरेकडचे प्रदेश ताणून मोठे दिसतात, आणि तिकडून जाणारा जवळचा मार्ग लांबच्या फेऱ्यासारखा भासतो.

गोलावर दोन ठिकाणांमधले सर्वांत कमी अंतर बृहत्‌वृत्तावर, म्हणजे पृथ्वीचे दोन समान भाग करणाऱ्या वर्तुळावर, मोजले जाते. आमच्या कार्यालयात टेबलावर पृथ्वीगोल ठेवलेला आहे तो याचसाठी. दोऱ्याचे एक टोक मुंबईवर आणि दुसरे न्यूयॉर्कवर धरून दोरा ताणला की तो इजिप्तवर थांबत नाही. आपोआप वर सरकतो आणि सेंट पीटर्सबर्गच्या जवळून, स्वीडन, नॉर्वे, आइसलंड असा जाऊन ग्रीनलंडच्या दक्षिण टोकाला लागतो व तेथून कॅनडामार्गे खाली उतरतो. हा मार्ग सुमारे 12,530 किलोमीटरचा आहे, तर नकाशावरच्या सरळ रेघेने गेल्यास सुमारे 14,200 किलोमीटर भरतात. आलेल्या ग्राहकांनी हा दोरा स्वतःच्या हाताने ताणून पाहावा, असा आमचा आग्रह असतो.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. मुंबई ते लंडन आणि लंडन ते न्यूयॉर्क हे दोन्ही टप्पे मिळून सुमारे 12,750 किलोमीटर होतात, म्हणजे थेट अंतरापेक्षा जेमतेम सव्वादोनशे किलोमीटर जास्त. कैरोमार्गे तेच अंतर सुमारे 13,360 किलोमीटर होते. जो मार्ग वळशाचा वाटतो तोच जवळचा आहे. दुबई ते सॅन फ्रान्सिस्को हे उदाहरण तर याहून ठळक आहे, कारण त्या दोन विमानतळांमधला सर्वांत जवळचा मार्ग उत्तर ध्रुवापासून सुमारे 200 किलोमीटरवरून जातो.

प्रत्यक्ष विमान मात्र नेमके या रेषेवरूनच उडते असे नाही. सुमारे 9 ते 12 किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहणारे जोराचे वारे जाताना आडवे येतात आणि येताना साथ देतात, म्हणून अमेरिकेहून परतीचा प्रवास बहुधा तास-दीड तासाने लवकर होतो. 2016 मध्ये एअर इंडियाने दिल्ली–सॅन फ्रान्सिस्को विमान अटलांटिकऐवजी पूर्वेकडे, पॅसिफिक महासागरावरून नेण्यास सुरुवात केली. अंतर वाढून सुमारे 15,300 किलोमीटर झाले, तरीही वाऱ्याच्या साथीमुळे वेळ वाचला. हवाई हद्दींचाही परिणाम होतो. 2022 पासून रशियाने युरोपीय व अमेरिकी कंपन्यांना आपली हद्द बंद केली, आणि एप्रिल 2025 मध्ये पाकिस्तानने भारतीय विमानांना. अशा वेळी खरोखरच वळसा घ्यावा लागतो, आणि तो आमच्या किंवा आपल्या हातात नसतो.

हे सर्व सांगण्याचे खरे कारण पुढे आहे. विमान कंपनी भाडे ठरावीक वेळेपुरतेच राखून ठेवते. तो वेळ नकाशाचे फोटो पाठवण्यात आणि नातेवाइकांचे मत घेण्यात निघून गेला, तर त्याच आसनांसाठी नवे भाडे द्यावे लागते, आणि चार जणांच्या कुटुंबाला हा फरक चांगलाच जाणवतो. तिकीट निघाल्यावर केवळ मार्ग वाकडा दिसतो म्हणून ते बदलायचे ठरवले तर बदलाचे शुल्क आणि भाड्यातील फरक असा दुहेरी भुर्दंड पडतो. तो कंपनीच्या नियमाने आकारला जातो, त्यात आम्हाला सूट देता येत नाही. म्हणून मार्गाविषयीची शंका भाडे राखून ठेवण्यापूर्वीच विचारावी, ही कळकळीची विनंती.

पाहायचेच असेल तर किलोमीटरपेक्षा थांब्याचा वेळ पाहावा. सहाशे किलोमीटर जास्त उडाल्याने पाऊण तासही वाढत नाही, पण अनोळखी विमानतळावर नऊ तास बसून राहणे वयस्क माणसांना फार जड जाते. प्रस्ताव पाठवण्यापूर्वी आम्ही थांब्याचा वेळ, ट्रान्झिट व्हिसाची (मधल्या थांब्याच्या देशाच्या परवान्याची) गरज, सर्व टप्पे एकाच तिकिटावर असून सामान शेवटच्या विमानतळापर्यंत थेट जाते की नाही, आणि व्हीलचेअरची नोंद, हे सर्व तपासतो. छत्रपती संभाजीनगरच्या चिकलठाणा विमानतळावरून मुंबई किंवा दिल्ली गाठायची, की नांदेडकडच्या मंडळींना हैदराबाद सोयीचे पडेल, याचाही विचार त्यातच केलेला असतो. स्वतः तिकीट काढताना या बाबी सहज नजरेतून सुटतात.

कार्यालयात येताना सर्व प्रवाशांच्या पासपोर्टची व व्हिसाची प्रत आणावी, आणि प्रवासाच्या तारखा दोन-तीन दिवस मागेपुढे करता येतील का, हे घरी आधीच ठरवून यावे. तारखेत थोडी मोकळीक असली की भाडे आणि थांबा दोन्ही चांगले मिळण्याची शक्यता वाढते.