"आत ओप्पोच आहे": लेक्सिकॉन बीडी-३० आणि एअर डीएक्स-५ मधला फरक

ऑडिओची आवड असलेल्या मंडळींमध्ये महागड्या डिस्क प्लेयरचा विषय निघाला की कोणीतरी एक वाक्य टाकतंच, "अरे सोड, आत ओप्पोच आहे." मग लगेच दोन पार्ट्या पडतात. एक म्हणते हाय-एंड म्हणजे सगळी लूट, दुसरी म्हणते तुमचे कान अजून तयार नाहीत. मला दोन्हीकडचं पटत नाही. हे वाक्य ज्यांच्याबद्दल खूप बोललं गेलं त्यातले दोन प्लेयर म्हणजे लेक्सिकॉन बीडी-३० आणि एअर डीएक्स-५, आणि दोघांच्याही आत खरंच ओप्पो कंपनीच्या स्वस्त प्लेयरचं मशीन आहे, तरीसुद्धा एकात गिऱ्हाइकाच्या हाती नवीन जवळजवळ काही पडलं नाही आणि दुसऱ्यात भरपूर पडलं. लोक दोघांना एकाच माळेत ओवतात म्हणून हे सविस्तर लिहितोय.

आधी मूळ मशीन बघू. ओप्पो डिजिटल ही कॅलिफोर्नियातली कंपनी, २००९ मध्ये तिने बीडीपी-८३ आणला, किंमत ४९९ डॉलर. ब्लू-रे, डीव्हीडी, सीडी, एसएसीडी आणि डीव्हीडी-ऑडिओ (या दोन सीडीपेक्षा बारकाईने आवाज साठवणाऱ्या डिस्क), जी डिस्क टाकाल ती वाजणार, आणि चित्रासाठी आत अँकर बेची व्हिडिओ प्रोसेसिंग चिप, जी तेव्हा बऱ्याच महाग मशीनमध्येसुद्धा नसायची. वर फर्मवेअरचे, म्हणजे मशीनच्या आतल्या सॉफ्टवेअरचे, अपडेट नियमित यायचे, नवीन सिनेमाची डिस्क अडकली की थोड्या दिवसांत इलाज मिळायचा. एवढ्या किमतीत एवढं काम करणारा प्लेयर तेव्हा शोधून सापडणं कठीण होतं, हे मी आजही ठामपणे म्हणतो. साहजिकच मोठ्या ब्रँडची नजर त्याच्यावर गेली, कारण ब्लू-रे प्लेयर शून्यापासून बनवायचा म्हणजे डिस्कचं मेकॅनिझम, डिकोडर चिप, सॉफ्टवेअर, लायसन्स हे सगळं आलं, आणि वर्षाला मोजकेच प्लेयर विकणाऱ्या छोट्या कंपनीला तो खर्च झेपतच नाही.

आता लेक्सिकॉन. हे नाव ऐरंगैरं अजिबात नाही. १९७१ पासूनची अमेरिकन कंपनी, हिची २२४ आणि ४८०एल ही डिजिटल रिव्हर्ब मशीन्स जगभरच्या स्टुडिओंत वापरली गेली, गायकाच्या आवाजाभोवती मोठ्या हॉलचा जो भास तयार करतात ना, त्यातलं कितीतरी काम या मशीन्सनी केलंय. पुढे कंपनी हरमन या मोठ्या ऑडिओ कंपनीकडे गेली. म्हणजे इभ्रत होती आणि ती कष्टाने कमावलेली होती, पण ती रिव्हर्बमध्ये कमावलेली होती, डिस्क प्लेयरमध्ये नव्हे, आणि ब्रँडवर भाळणाऱ्या माणसाकडून नेमकं हेच निसटतं. एका कामात मिळवलेलं नाव दुसऱ्या कामाच्या डब्यावर चिकटवलं की आपण न विचारता तोच भरवसा पुढे चालू ठेवतो.

बीडी-३० ची किंमत होती साधारण ३,५०० डॉलर, म्हणजे ओप्पोच्या सातपट. जानेवारी २०१० मध्ये ऑडिओहॉलिक्स या वेबसाइटवाल्यांनी तो उघडला. आत फक्त ओप्पोचा बोर्ड असता तर एवढा गाजावाजा झालाच नसता, इथे तर ओप्पोची अख्खी चासी, म्हणजे पत्र्याच्या खोक्यासकट सगळं मशीन, लेक्सिकॉनच्या जाड देखण्या कव्हरच्या आत बसवलेलं निघालं. तोच पॉवर सप्लाय, तोच मेन बोर्ड, तोच ऑडिओ बोर्ड, मागच्या सॉकेटची मांडणीही तीच. बाहेरचं अॅल्युमिनियम छान होतं, वजन वाढलं होतं आणि टीएचएक्स या दर्जाच्या प्रमाणपत्राचा शिक्का होता जो ओप्पोवर नव्हता. पण शिक्क्याने आतला कंडेन्सर बदलत नाही, सिग्नल ज्या वाटेने जायचा त्याच वाटेने जात होता.

एअरची गोष्ट इथे वेगळी होते. एअर अकूस्टिक्स ही कोलोरॅडोतल्या बोल्डरची छोटी कंपनी, चार्ल्स हॅन्सनने सुरू केलेली, आणि डीएक्स-५ ची किंमत होती ९,९५० डॉलर, म्हणजे लेक्सिकॉनच्याही जवळपास तिप्पट! नुसता आकडा बघून राग यायला हवा तो खरं तर यांच्यावर. पण एअरने ओप्पोचा आधार लपवला नाही, उघड सांगितलं की डिस्क वाचायचं आणि व्हिडिओचं काम ओप्पोच्या बीडीपी-८३ च्या पायावर आहे. मग त्यांनी काय केलं तर पॉवर सप्लायच्या जागी स्वतःचा लिनिअर, म्हणजे ट्रान्सफॉर्मरवाला सप्लाय, अॅनालॉग ऑडिओचा भाग पूर्णपणे स्वतःचा, फीडबॅक (आउटपुटचा भाग परत इनपुटला पाठवणं) न वापरणारं बॅलन्स्ड, म्हणजे सिग्नल उलट-सुलट जोडीने नेणारं सर्किट, आणि कॉम्प्युटरवरून गाणी वाजवायला असिंक्रोनस यूएसबी इनपुट, ज्यात आकडे कुठल्या वेगाने यायचे ते ठरवणारं घड्याळ कॉम्प्युटरचं नाही तर प्लेयरचं चालतं. म्हणजे स्टिरिओ ऐकताना आवाज घडवणारे जे भाग असतात तेच मुळात दुसरे आहेत.

तयार चक्का आणून घरी केशर-वेलची घालून घोटलेलं श्रीखंड वेगळं आणि तयार श्रीखंडाचा डबा फोडून चांदीच्या वाटीत ओतणं वेगळं, दुकान दोन्हीकडे एकच असलं तरी.

आता किमतीएवढं मोल एअरमध्ये आहे का, हा प्रश्न उरतोच आणि त्याचं उत्तर तुम्ही प्लेयर कुठल्या वायरने जोडणार यावर आहे. हे नीट समजून घ्या, कारण ब्रँडच्या भांडणात हा मुद्दा कायम बाजूला पडतो. तुम्ही एचडीएमआयने रिसीव्हरला, म्हणजे स्पीकर चालवणाऱ्या होम थिएटरच्या अॅम्प्लिफायरला, जोडत असाल तर प्लेयर फक्त आकडे पाठवतो आणि आकड्यांचा आवाज रिसीव्हरमधला डॅक (डिजिटल आकड्यांचा अॅनालॉग सिग्नल करणारी चिप) करतो, त्यामुळे प्लेयरमधलं अॅनालॉग सर्किट कितीही सुंदर असो, त्यातून काही जातच नाही. एसएसीडीवरचा डिजिटल सिग्नल, ज्याला डीएसडी म्हणतात, तोसुद्धा बीडीपी-८३ एचडीएमआयवरून तसाच्या तसा देतो. अशा जोडणीत ४९९ वाला आणि ३,५०० वाला यांच्या आवाजात फरक शोधणं म्हणजे निव्वळ वेळ घालवणं. पण तुम्ही मागच्या आरसीए (साध्या) किंवा एक्सएलआर (तीन पिनांच्या) सॉकेटमधून सरळ स्टिरिओ अॅम्प्लिफायरला जोडत असाल तर डॅक, त्याच्या पुढचं सर्किट, पॉवर सप्लाय सगळं प्लेयरचंच ऐकू येतं. तिथे एअरने केलेल्या कामाला अर्थ आहे. आणि लेक्सिकॉनला? त्या वाटेवरसुद्धा नाही, कारण तिथे ओप्पोचाच ऑडिओ बोर्ड आहे.

यांच्या मधलीही एक पायरी आहे. केंब्रिज ऑडिओचा ७५१बीडी आणि ओप्पोचा बीडीपी-९५ दोन्ही मीडियाटेकच्या चिपवर उभे, मेन्यू बघितला तर भाऊ-भाऊ वाटतात, पण ओप्पोने आवाजासाठी ईएसएसचे सेबर डॅक घातले आणि केंब्रिजने वुल्फसनचे घातले, त्यांच्या आधी अपसॅम्पलिंग, म्हणजे आवाजाचे नमुने वाढवण्याची पायरी, ठेवली. पाया एक, आवाजाचा भाग आपापला, किंमतही आवाक्यातली. अशा मशीनला कोणी "ओप्पोची कॉपी" म्हटलं की मला खरंच वाईट वाटतं, तिथे इंजिनियर लोकांनी काम केलेलं असतं आणि ते दिसतं.

आणि दुसऱ्याच्या पायावर उभं राहणं ही काही ब्लू-रेच्या जमान्यातली नवी युक्ती नाही. १९८२ मध्ये सीडी आली तेव्हा लेसर मेकॅनिझम बनवणं फिलिप्स-सोनीसारख्या मोजक्याच कंपन्यांना जमायचं. इंग्लंडच्या मेरिडियनने त्याच दशकात फिलिप्सचा प्लेयर घेऊन त्यावर काम करून एमसीडी काढला आणि सीडीकडे नाक मुरडणारे अनेक लोक त्यामुळे सीडी ऐकायला लागले. पुढेही कितीतरी मोठ्या नावांच्या प्लेयरमध्ये फिलिप्सचंच मेकॅनिझम असायचं आणि कोणाला त्यात लाज वाटत नव्हती. उलट बाजूलाही उदाहरण आहे. स्वित्झर्लंडच्या गोल्डमुंडचा काही हजार डॉलरचा ईडॉस डीव्हीडी प्लेयर उघडला तर पायोनियरच्या अगदी स्वस्त मॉडेलचे बोर्ड निघाले होते, त्याचीही चर्चा लेक्सिकॉनच्या आधी होऊन गेली होती.

मग लोकांना फरक ऐकू येतो तो काय? बऱ्याचदा आवाजाची पातळी. सीडी प्लेयरच्या आरसीए आउटपुटचा ठरलेला आकडा २ व्होल्टचा, पण काही महागडे प्लेयर २.५ व्होल्ट देतात, म्हणजे जवळपास २ डीबी (डेसिबल) जास्त, आणि एक्सएलआरमधून तर सहसा ४ व्होल्ट येतात, ते झाले ६ डीबी. थोडा मोठा आवाज आपल्या कानाला मोठा न वाटता "जास्त खुला, जास्त जिवंत" वाटतो. मी एका दुकानात डेमोला बसलो होतो, महागडा प्लेयर एक्सएलआरने जोडलेला, स्वस्तातला आरसीएने, आणि व्हॉल्यूमला कोणी हात लावत नव्हतं. महागड्यावर तानपुऱ्याची जवारी अशी पसरायची की बस्स, खर्जाची तार छेडल्यावर मागे उरणारी गुंज शेवटपर्यंत ऐकू यायची. मग मी विनंती करून टेस्ट टोनची डिस्क लावायला सांगितली, स्पीकरच्या टर्मिनलवर मल्टिमीटर धरून दोन्हींचा आवाज सारखा करून घेतला. ती गुंज स्वस्तातल्या प्लेयरवरही तितकीच लांबली. फरक शिल्लक होता, तबल्याच्या किनारीचा ठोका महागड्यावर जरा जास्त नेमका वाटत होता, पण आधी जो डोंगराएवढा वाटला तो कुठल्या कुठे गेला.

म्हणून "मला ऐकू येतं" म्हणणाऱ्याला मी खोटं पाडत नाही, त्याला ऐकू येतंच, फक्त कशामुळे येतं ते तपासायची त्याची तयारी हवी. आणि "सगळं सारखंच" म्हणणाऱ्यालाही तेवढंच सांगतो, की बाबा, झाकण उघडून बघितलंस का. दोघंही नाव वाचून निकाल देतात, एकाला नाव आवडतं म्हणून, दुसऱ्याला नाव खुपतं म्हणून. ही खोड आपल्याकडे भयंकर पसरलीये आणि त्यामुळे नवीन येणारी पोरं चुकीच्या जागी पैसे घालतात, स्पीकर बदलायला हवे असतात आणि हे प्लेयरसाठी पैसे साठवत बसतात. त्याचा मला मनापासून त्रास होतो.

ओप्पोने एप्रिल २०१८ मध्ये नवीन प्लेयर बनवणं थांबवत असल्याचं जाहीर केलं, त्यामुळे आता जे काही आहे ते सेकंडहँड बाजारात, आणि चांगल्या ओप्पोचे भावही चढलेत. तिकडे अमेरिकेत असलेल्या भाऊ-बहिणीकडून मागवणार असाल तर एक लक्षात ठेवा, तिकडचे प्लेयर ब्लू-रेसाठी रिजन ए चे असतात आणि भारत रिजन सी मध्ये येतो, सीडी-एसएसीडीला काही अडचण नाही पण इथल्या सिनेमाच्या डिस्क अडू शकतात.

कुठल्याही मोठ्या नावाचा वापरलेला प्लेयर घेताना विकणाऱ्याकडून झाकण काढलेला फोटो मागून घ्या, वरून सरळ काढलेला, सगळे बोर्ड दिसतील असा. त्यात तीन गोष्टी बघा. पॉवर सप्लाय कोणाचा आहे, छोटा स्विचिंग बोर्ड आहे की मोठा ट्रान्सफॉर्मर बसवलाय. ऑडिओ आउटपुटच्या सॉकेटपाशी जो बोर्ड आहे त्यावर कोणाचं नाव छापलंय. आणि आत दुसरा पत्र्याचा डबा दिसतोय का. शेजारी ओप्पोच्या त्या काळच्या मॉडेलचा आतला फोटो उघडून ठेवा, जुळवून बघायला पाच मिनिटं पुरतात. विकणारा फोटो द्यायला काचकूच करत असेल तर ओप्पोचा जो भाव चाललाय तेवढाच भाव त्याला सांगा.